मजकूर फार सुंदर होता

वाल्मीक थेटे नाशकात सातपूरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला, हजेरी-नोटिशीच्या कामावर होते, तेव्हा फार चांगलं लिहायचे. त्यांच्या हातची नोटीस म्हणजे, "उद्या पाणी येणार नाही. घरून आणा." संपलं. डबा काखेत, बस सुटायची घाई, अशा माणसासाठी कसं लिहावं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. फलकासमोर माणसं कुठवर वाचतात आणि कुठं मान वळवतात हे रोज बघून बघून ते त्यांच्या हातात आपोआप उतरलं होतं. त्यांची नोटीस वाचून कोणी कधी "वा" म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या पिशवीत पाण्याची बाटली असायची.

मग ते निवृत्त झाले आणि बिघडले.

झालं असं की निरोप समारंभात त्यांनी स्वतः लिहिलेलं भाषण वाचलं, आणि लोक रडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या लिहिण्यावर कोणीतरी रडलं होतं. तिथून चटक लागली. इंदिरानगरात कोणाचा पंचाहत्तरावा वाढदिवस असो, कोणाची मुलगी डॉक्टर होवो, भाऊबंदांत कोणी सोसायटीचा चेअरमन होवो, मानपत्र वाल्मीकरावांचं. पत्रिकेवरच्या चार ओळीसुद्धा त्यांच्याकडूनच घ्यायच्या. कोणी वटवृक्ष व्हायचा, कोणी महामेरू, कोणी मायेचा झरा. लोक हरभऱ्याच्या झाडावर चढायला बसलेलेच असतात, आणि वाल्मीकरावांनी तर शिडी घरूनच आणली होती. त्यांची बायको उज्वला एकदा म्हणाली, "अहो, तुमचं वाचलं की माणूस कोण ते कळत नाही, पण थोर आहे एवढं कळतं." त्यांनी ती स्तुतीच धरली.

अशात मालनबाई गेल्या.

मालनबाई म्हणजे त्यांची चुलती. पण नुसतं चुलती म्हणून भागायचं नाही. गावाकडून एक पत्र्याची पेटी घेऊन वाल्मीक सातपूरला कामाला आला, तेव्हा तिच्या दीड खोलीत राहिला होता. पहिली पाळी असली की ती त्याच्या आधी उठून भाकरी थापायची, दुसरी असली की तो येईपर्यंत जेवायची नाही. तिला अक्षर येत नव्हतं. डब्यातली भाकरी नीट संपली का एवढंच ती वाचायची. तिचा मुलगा शेखर वाल्मीकपेक्षा बराच लहान, त्याला अण्णा म्हणणारा. त्या दिवशी सकाळी शेखरचा फोन आला, "अण्णा, आई गेली." त्या तीन शब्दांनी वाल्मीकराव पलंगावर बसल्या जागी हमसून हमसून रडले. हे दुःख खरं होतं, त्यात खोट नव्हती. पुढं जे झालं ते वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

ते शेखरच्या घरी पोचले तेव्हा बायका जमायला लागल्या होत्या. शेखर म्हणाला, "अण्णा, सगळ्यांना कळवायचं तुम्ही बघा. कोंडाजीमामांना मात्र आधी फोन लावा."

कोंडाजीमामा म्हणजे मालनबाईंचा पाठचा भाऊ, कळवणच्या पुढं एका खेड्यात राहणारा. माहेरचं सख्खं तेवढंच माणूस उरलं होतं. आणि बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडावं लागतं, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. सासरच्यांनी सोन्याचं नेसवलं तरी त्याला ती किंमत नाही. भाऊ येईतो तिरडी उचलत नाहीत. म्हणजे सगळ्या कळवण्यात ज्याला कळणं सर्वात गरजेचं होतं, तो माणूस हा.

"फोनवर नको," वाल्मीकराव म्हणाले. "म्हातारा माणूस, धक्का बसेल. मी जपून लिहितो. त्यांची सून मोहिनी शिकलेली आहे, ती वाचून दाखवेल."

शेखरला तेव्हा काहीच सुचत नव्हतं. तो हो म्हणाला.

वाल्मीकराव गॅलरीत स्टूल घेऊन बसले आणि लिहू लागले. मालनबाईंची भाकरी आठवली, डोळे भरले, आणि भरल्या डोळ्यांनी बोटं रोजच्या वाटेनं निघाली. "मातृत्वाचा महासागर, कष्टाची कामधेनू, थेटे कुळाचा वटवृक्ष म्हणजे आमच्या मालनकाकू! भाकरीच्या घासाघासात ज्यांनी माया कालवली, ज्यांच्या पदराखाली आम्हा पोरांना कधी ऊन लागलं नाही, त्या माऊलीचे उपकार कोणत्या शब्दांत फेडावे?" असे चांगले चार परिच्छेद. सोबत फोटो लावला तो तिच्या पंचाहत्तरीचा, खांद्यावर शाल, तोंडात पेढा, कारण त्यात ती हसत होती. आणि अगदी तळाशी, "या माऊलीची प्राणज्योत आज पहाटे मालवली. अंत्ययात्रा दुपारी तीन वाजता राहत्या घरापासून निघेल."

उज्वला शेजारणीकडं चहाचं आधण टाकत होती. त्यांनी मजकूर आधी तिच्या फोनवर टाकला, तेव्हा ती बाहेर आली. "अहो, काकू गेल्या हे कुठंय यात?"

"आहे की खाली."

"खाली कशाला? वर घ्या ना ते."

"मरण काय असं दारातच मांडून ठेवायचं?" वाल्मीकराव म्हणाले. हे उत्तर त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की पुढं ती काय म्हणाली ते त्यांनी ऐकलंच नाही.

मजकूर भाऊबंदांच्या ग्रुपवर गेला आणि मोहिनीला वेगळा गेला, कारण ती त्या ग्रुपात नव्हती. ग्रुपवरच्या लोकांना गल्लीतून, फोनवरून आधीच कळलं होतं. मोहिनीला काहीच कळलेलं नव्हतं. तिच्यासाठी सकाळी अचानक आलेला तो एक फोटो आणि त्याखाली चार ओळी, एवढंच होतं. बाकीचं "पुढे वाचा"च्या आड. आणि गेली दोन वर्षं वाल्मीककाकांकडून असे फोटो, असे वटवृक्ष तिला येतच होते, प्रत्येक वाढदिवसाला.

थोड्या वेळानं मोहिनीला पाठवलेल्या मजकुरापुढं निळ्या खुणा उमटल्या. "मामांकडं पोचलं, वाचलंय," त्यांनी शेखरला सांगितलं. "निघालेच असतील." खुणा एवढंच सांगतात की कोणीतरी उघडलं. माणूस निघाला, हे वाल्मीकरावांनी आपल्या पदरचं घातलं.

दुपार झाली. तिरडी बांधून झाली, अंगणात माणसं मावेनात. बायकांनी मालनबाईंना अंघोळ घातली आणि लुगड्यासाठी थांबल्या. तीन वाजून गेले. "माहेरचे कुठवर आले?" असं कोणी ना कोणी आतून विचारत होतं, आणि वाल्मीकराव "वाटेत असतील" म्हणत होते. शेवटी शेखरनं स्वतः मोहिनीला फोन लावला. आजूबाजूला सगळे गप्प होते, म्हणून तिचा आवाज चार माणसांना ऐकू गेला.

"शेखरभाऊ, आत्याबाईंना द्या ना फोन. बाबा सकाळपासून म्हणताहेत, मला तिचा आशीर्वाद घ्यायचाय."

शेखरनं फोन कानापासून लांब धरला. शेजारच्या एका बाईनं फोन घेतला आणि सांगितलं.

वाल्मीकरावांनी तेव्हा मोहिनीचा मेसेज उघडला. तो सकाळीच येऊन पडला होता. "काका, खूप सुंदर लिहिलंय. आत्याबाईंना उदंड आयुष्य लाभो. बाबांना वाचून दाखवलं, त्यांना फार आनंद झाला." खाली फुलांचा गुच्छ. तो त्यांनी आतापर्यंत उघडलाच नव्हता, कारण ग्रुपवर आपल्या मजकुराला कोण कोण काय म्हणतंय हे बघण्यात ते गुंतले होते. काकूचं प्रेत आत होतं आणि हे बाहेर तारीफ वाचत बसले होते. काय म्हणावं या माणसाला.

त्याच क्षणी त्यांनी म्हणायला हवं होतं की चूक माझी. दोन शब्द. पण भरल्या अंगणात सगळ्यांच्या माना त्यांच्याकडं वळल्या आणि त्यांनी उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"आता काय बोलायचं? बी.ए. झालेली पोरगी! खाली स्पष्ट लिहिलंय, वेळेसकट. तीन ओळी वाचल्या आणि टाकली फुलं." एवढ्यावर न थांबता त्यांनी फोन समोर धरला. तो या हातातून त्या हातात फिरला. मेलेल्या बाईला उदंड आयुष्य. अंगणात कुजबुज पसरली, आणि बघता बघता मोहिनीचं नाव बद्दू झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथं दोरखंड चोरानंच आणून दिला होता.

कळवणहून गाडी मिळवून यायला रात्र झाली असती. तेवढं थांबता आलं नाही. शेखरनं कोपऱ्यावरच्या दुकानातून लुगडं आणवलं, एका म्हातारीनं ते "माहेरच्या नावानं" म्हणून मालनबाईंच्या अंगावर टाकलं आणि त्यांना नेलं. कोंडाजीमामा आले ते थेट अमरधामात. काखेत प्लास्टिकच्या पिशवीत घडीचं लुगडं, वाटेत वणीला घेतलेलं. चिता अर्धी जळली होती. पिशवी कुणाच्या हातात द्यावी ते त्यांना कळेना, म्हणून ते ती तशीच धरून उभे राहिले. वाल्मीकराव एका खांबाआड सरकले. त्यांना स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती.

पुढचे दिवस त्यांनी घरात काढले. फोन उशाखाली. उज्वलानं एकदाच विचारलं, "मोहिनीचं काय करायचं?" त्यांनी सांगितलं, दशक्रियेला सगळे येतील, तेव्हा बोलतो. त्यांच्या कानावर कळवणकडच्या बातम्या येत होत्या. गावात बाया मोहिनीला बघून पदर तोंडाला लावत होत्या. मामांनी तिच्या हातचा चहा बंद केला होता. प्रत्येक बातमीनं ते आणखी खाली बघायचे, आणि फोन मात्र करायचे नाहीत. फोनवर बोलायचं तर साधंच बोलावं लागलं असतं. त्यांनी वहीत मुद्दे काढले, खोडले, पुन्हा काढले. चूक कबूल करायची तीसुद्धा बैठक मारून.

दशक्रिया गंगेवर होती. नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. पिंडदान झालं, कावळा शिवला, महाराजांचं प्रवचन झालं, आणि मग आपल्याकडची रीत, माइकवर श्रद्धांजली सुरू झाली. अमक्या परिवारातर्फे, तमक्या मंडळातर्फे. शेवटी वाल्मीकरावांचं नाव पुकारलं. समोर तीनशे माणसं घाटाच्या पायऱ्यांवर बसली होती. कळवणची मंडळी एका बाजूला, त्यांच्यात मागच्या पायरीवर मोहिनी, तोंडावर पदर. तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती.

मनात खरंच होतं की सांगून टाकावं. पण माइक हातात आला, समोर गर्दी दिसली, आणि गळ्यातून जो आवाज निघाला तो नेहमीचाच.

"ज्या लेखणीनं आयुष्यभर इतरांचे सत्कार लिहिले, ती लेखणी आज अपराधी म्हणून या गंगेच्या काठी उभी आहे," वाल्मीकराव म्हणाले. "माऊली, तुझ्या लेकराचे शब्द तुझ्या माहेरच्या उंबऱ्यापर्यंत पोचले, पण अर्थ वाटेतच हरवला. या अभागी शब्दांना क्षमा कर."

आणि असं बरंच. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. ते खाली उतरले तेव्हा एका चेअरमननं त्यांचा हात हातात घेतला. "वाल्मीकराव, काय बोललात हो. काटा आला अंगावर." वाल्मीकरावांना वाटलं, झालं, सुटलो. अगदी क्षणभर त्यांना हलकं वाटलं.

पंगतीकडं जाताना मोहिनी वाटेत उभी होती.

"काका, तुम्ही मघाशी काय सांगितलं?"

"म्हणजे? माफी मागितली मी, मोहिनी. सगळ्यांसमोर."

"कोणाची?"

वाल्मीकरावांनी मागं घाटावरच्या माइककडं पाहिलं.

"माझ्या शेजारच्या बाया म्हणत होत्या, किती मोठं मन या माणसाचं, सुनेची चूक स्वतःवर घेतोय." तिचा आवाज चढला नव्हता. "त्या दिवशी मी खालपर्यंत वाचणारच होते. बाबांना वाचून दाखवत होते. पहिल्या ओळी ऐकल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, थांब, पुन्हा पहिल्यापासून वाच. पुन्हा वाचलं. मग शेजारच्यांना बोलावलं, त्यांना वाचून दाखव म्हणाले. तिसऱ्यांदा वाचलं. परत परत वरचंच. हे मी घरी कोणाला बोलले नाही. बोलले तर बाबांना वाटेल, आपल्यामुळंच आपली बहीण आपल्याविना गेली. मग ते जगायचे नाहीत. म्हणून मी ऐकून घेते. पण तुम्ही तरी साधं सांगा ना काका, कोणालातरी."

वाल्मीकरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्याला आपल्या बहिणीची तारीफ इतकी गोड लागली की तो तिच्या मरणापर्यंत पोचलाच नाही. ती तारीफ त्याच्यासाठी नव्हतीच. त्याला फक्त निघायचं होतं, आणि निघ म्हणून सांगायला दोन ओळी पुरल्या असत्या. तशा दोन ओळी वाल्मीकरावांनी जन्मभर सातपूरच्या फलकावर डकवल्या होत्या, परक्या माणसांसाठी. घरच्यासाठी लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी टाळ्यांसाठी लिहिलं. आणि आत्ता घाटावर माफीही टाळ्यांसाठीच मागितली.

माइक तोवर गुंडाळला होता. गर्दी जेवायला पांगली होती. कळवणची मंडळी जेवून पिकअपकडं निघाली, कारण त्यांना उजेडात वाटेतला डोंगरघाट ओलांडायचा होता. वाल्मीकराव न जेवता त्यांच्या मागं गेले. मामांना पुढच्या सीटवर बसवलं होतं. मागं बायका चढून दाटीवाटीनं बसल्या होत्या. मोहिनी गाडीच्या मागच्या फाळक्याशी अंग चोरून, एकटी.

वाल्मीकराव फाळक्याला धरून उभे राहिले. "ऐका जरा," ते म्हणाले. "काकू गेल्याचं मी वर लिहिलं नव्हतं. तळाशी लिहिलं होतं. फोटो वाढदिवसाचा लावला होता. कोणीही वाचलं असतं तरी त्याला वाढदिवसच वाटला असता. फोन करायला सांगितलं होतं, तो मी केला नाही. मोहिनीची काही चूक नाही. त्या दिवशी अंगणात मी खोटं बोललो."

कोणी पदर डोळ्याला लावला नाही. कोणी वा म्हटलं नाही. पुढच्या सीटवर मामांची मान हलली, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

भागीबाई म्हणून कोंडाजीमामांची एक चुलत वहिनी होती, सगळ्यात म्हातारी. या दहा दिवसांत मोहिनीला सगळ्यात जास्त टोचून बोललेली तीच. ती पान चघळायची थांबली.

"आन् मंग इतके दिस काय करत व्हतास रं बाबा?"

वाल्मीकरावांना एकही मोठा शब्द आठवेना.

"माझं नाव सांभाळत होतो, मावशी."

"आन् हिचं?"

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. भागीबाई जरा पुढं सरकली, मोहिनीच्या दंडाला धरून तिला आपल्या शेजारी ओढून घेतलं, आणि वाल्मीकरावांकडं पाठ करून बसली.